तीन मागण्यांची कुळकथा

देवाकडे तीनच गोष्टी मागायच्या. हाताबाहेरचे आहे ते स्वीकारण्यापुरती मनाची शांती, बदलता येईल ते बदलण्याचे धैर्य, आणि यातले कुठले कोणते हे ओळखण्याची अक्कल. 'सेरेनिटी प्रेअर' किंवा मराठीत 'शांतीची प्रार्थना' म्हणून ओळखली जाणारी ही प्रार्थना एवढीच आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए', या दारूमुक्त होऊ पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांत ती जगभर म्हटली जाते आणि आपल्याकडच्या मराठी सभाही त्याला अपवाद नाहीत. घरात मोठे आजारपण आले, मुलगा हाताबाहेर गेला, नोकरी सुटली की ख्रिस्ती कुटुंबांत हिचा आधार घेतला जातो; ख्रिस्ती नसलेल्यांनीही ती फ्रेम करून भिंतीवर लावलेली दिसते. खाली नाव कधी असिसीच्या संत फ्रान्सिसचे असते, कधी एखाद्या ग्रीक तत्त्वज्ञाचे, आणि बहुतेक वेळा 'अज्ञात'. (फ्रान्सिसच्या नावावर चालणारी दुसरी प्रसिद्ध प्रार्थना, मला तुझ्या शांतीचे साधन कर असे मागणारी, तीही १९१२ साली पॅरिसच्या एका छोट्या मासिकात पहिल्यांदा सापडते. तेराव्या शतकातल्या या संताच्या नावावर विसाव्या शतकाने बरेच काही खपवले आहे.) शांतीची प्रार्थना ऐकायला प्राचीन वाटते, पण तिला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ती अमेरिकेत, महामंदीच्या ऐन भरात, १९३२-३३ मध्ये जन्मली. आणि कागदपत्रे नीट लावून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जन्मली तेव्हा ही घरच्या संकटाची प्रार्थना नव्हतीच. ती चळवळीतल्या माणसांची प्रार्थना होती. कुटुंबाने ती पुढे आपलीशी केली, आणि करताना तिच्यात फेरफार केले.

पुराव्याकडे वळू. विनिफ्रेड वायगल या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतले प्राध्यापक रेनहोल्ड नीबूर यांच्याकडे त्या शिकलेल्या होत्या. ३१ ऑक्टोबर १९३२ रोजी वायगलबाईंनी आपल्या रोजनिशीत 'आर. एन.' म्हणतात म्हणून एक विचार टिपून ठेवला. त्याचा आशय असा, की संकटाच्या दिवशी तोच माणूस जिंकतो, ज्याला इलाज नसलेले स्वीकारण्याची शांती आणि बदलायलाच हवे ते बदलण्याचे धैर्य असते. इथे देवाला हाक नाही, मागणे नाही आणि तिसरी गोष्ट, ती ओळखण्याची अक्कल, तीही नाही. हे व्याख्यानातले किंवा गप्पांतले वाक्य आहे. त्यानंतर जेमतेम चार-पाच महिन्यांनी, मार्च १९३३ मध्ये, वायडब्ल्यूसीएच्या 'द वुमन्स प्रेस' या मासिकात वायगलबाईंचा एक लेख आला आणि त्यात हाच विचार पूर्ण प्रार्थनेच्या रूपात आला, तिन्ही मागण्यांसह. आज हाती असलेले हे तिचे सर्वांत जुने छापील रूप. त्यात रोजनिशीतला क्रम उलटून धैर्य पहिले आले आहे आणि शांती दुसरी.

या क्रमाकडे सहज काणाडोळा होतो, पण सगळी मेख तिथेच आहे. रोजनिशीतली तारीख पुन्हा पाहा. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ८ नोव्हेंबरला होती, म्हणजे आठ दिवसांवर. देशात बेकारीने कहर केला होता. नीबूर स्वतः त्या वर्षी सोशालिस्ट पक्षातर्फे काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते. त्याआधी १९१५ ते १९२८ अशी तेरा वर्षे ते डेट्रॉइटमध्ये पाद्री होते आणि मोटार कारखान्यांतल्या कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले होते. 'मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी' हे त्यांचे गाजलेले पुस्तकही १९३२ चेच. त्यात गांधीजींच्या असहकाराची त्यांनी बारकाईने चिकित्सा केली आहे आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची मुक्ती बहुधा अशाच डावपेचांतून होईल असे भाकीत केले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी पुढे हे पुस्तक मन लावून वाचले. अशा माणसाच्या तोंडी 'बदलायलाच हवे' हे शब्द येतात तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे व्यसनी नवरा किंवा असाध्य दुखणे नसते. मजुरी, वंशभेद, सत्ता यांबद्दल तो बोलत असतो. आणि शांती हवी ती कशासाठी, तर आदर्शवादी माणसाला जग लगेच बदलत नाही याचा राग येऊन तो खचू नये म्हणून. धैर्य पहिले का, हे आता वेगळे सांगायला नको.

१९३३ नंतर ही प्रार्थना ज्या वाटेने पसरली तीही हेच सांगते. येल विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयातले फ्रेड शपिरो हे अवतरणांचे मूळ शोधण्यात मुरलेले गृहस्थ. वर्तमानपत्रांचे जुने अंक संगणकावर शोधता येऊ लागल्यावर त्यांनी २००८ मध्ये जाहीर केले, की ही प्रार्थना १९३६ पासूनच वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत भेटते आणि ती उद्धृत करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका आहेत: वायडब्ल्यूसीएच्या सचिव, शिक्षिका, समाजसेविका. सिरॅक्यूज शहरातल्या वायडब्ल्यूसीएच्या एका पदाधिकारी बाईंनी तर ती वार्षिक अहवाल मांडताना वापरली होती. वार्षिक अहवाल! वर्गणी, वसतिगृह, बेकार मुलींचे प्रश्न यांच्या हिशेबात ही प्रार्थना बसत होती. यातल्या सुरुवातीच्या रूपांत ती 'आम्हाला' दे अशी आहे.

यावर सर्वांत मोठा आक्षेप नीबूर यांच्या घरातूनच आला. त्यांच्या कन्या एलिझाबेथ सिफ्टन यांनी २००३ मध्ये या प्रार्थनेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या सांगण्यानुसार वडिलांनी ती १९४३ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या हीथ या खेड्यातल्या चर्चमधल्या उपासनेसाठी रचली. शेजारच्या एका धर्मोपदेशकांनी तिची प्रत मागून घेतली आणि १९४४ मध्ये सैनिकांसाठी काढलेल्या प्रार्थनापुस्तिकेत ती छापली. शपिरो यांचे संशोधन आल्यावर सिफ्टनबाई चिडल्या, आणि ते समजण्यासारखे आहे. कारण १९३६ चे पुरावे पुढे आले तेव्हा शपिरो यांनी नीबूर यांच्या कर्तृत्वावरच शंका घेतली होती. नीबूर यांनी कुठेतरी वाचलेले नकळत आपले मानले असावे, असा त्यांचा सूर होता. पुढे वायगलबाईंची रोजनिशी हाती आली आणि २०१४ मध्ये त्याच शपिरो यांनी मूळ नीबूर यांचेच, असा उलट निवाडा दिला. वायगलबाईंनीही उपासनेचे कार्यक्रम आखण्यावरच्या आपल्या १९४० च्या पुस्तकात प्रार्थना नीबूर यांच्या नावावरच दिलेली आहे. म्हणजे मुलीचे साल चुकले, पण वडिलांचे नाव चुकले नाही. हीथमध्ये नीबूर यांनी बहुधा आपलीच जुनी गोष्ट नव्याने घडवली. व्याख्याते आणि प्रवचनकार असेच करतात, त्यात नवल नाही. नीबूर यांचा स्वतःचा दावाही मोठा नव्हता: अशा काही ओळी आधीपासून हिंडत असतीलही, पण आपण त्या स्वतःच लिहिल्या असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते, एवढेच ते म्हणत.

तरी वायगलबाईंचे श्रेय इथे संपत नाही, असे मला वाटते. रोजनिशीतल्या वाक्याला 'हे देवा' कोणी लावले आणि तिसरी मागणी कोणी जोडली, याचा कागद नाही. तिसऱ्या मागणीशिवाय हे नुसते सुभाषित राहते. ती आली की सगळा भार आपल्या निर्णयावर येतो. ती नीबूर यांनी नंतरच्या कुठल्या उपासनेत जोडली असेल, किंवा वायगलबाईंनी. मात्र विचाराची प्रार्थना झालेली पहिल्यांदा छापून आली ती त्यांच्या लेखणीतून, आणि ती देशभर नेली त्यांच्याच संघटनेतल्या बायकांनी. नंतरची साठ-सत्तर वर्षे या बायकांचे नावही कोणी घेतले नाही.

दुसरा आक्षेप विद्वानांचा. हा विचार स्टोइकांचा नाही का? एपिक्टेटसची पुस्तिका सुरूच होते ती आपल्या ताब्यात काय आणि ताब्यात काय नाही या भेदाने. आठव्या शतकातल्या शांतिदेवाच्या 'बोधिचर्यावतारा'तही इलाज असेल तर खंत कशाला आणि नसेल तरी कशाला, असा श्लोक आहे. मराठी वाचकाला आहे त्या स्थितीत समाधान मानण्याचा तुकोबांचा उपदेश आठवेल. साम्य खरे आहे, पण पूर्वज म्हणून यांतले कोणी टिकत नाही. एपिक्टेटसच्या लेखी ताब्यात असते ते फक्त आपले मन. बाहेरचे जग बदलण्याचे धैर्य तो शिकवत नाही. शांतिदेव आणि तुकोबा मनाची घडी बसवतात. नीबूर यांच्या वाक्याचा अर्धा भार मात्र 'बदलायलाच हवे' यावर आहे, आणि ते करण्याची ताकद माणसात आपसूक नाही, ती मागावी लागते, हे खास ख्रिस्ती धर्मशास्त्र आहे. जर्मनीत तर याहून गमतीचा घोळ झाला. तिथे थिओडोर विल्हेल्म या प्राध्यापकाने १९५१ मध्ये 'फ्रीडरिख ओटिंगर' या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात ही प्रार्थना छापली, आणि लोकांनी ती अठराव्या शतकातल्या त्याच आडनावाच्या धर्मचिंतकाची मानून टाकली. प्राचीनत्व असे एका टोपणनावावरही मिळते.

आता प्रार्थना घरात कशी शिरली ते पाहू. १९४१ च्या मे महिन्याच्या अखेरीस 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'च्या स्मृतिस्तंभात एका कुटुंबाने छोटी जाहिरात दिली. आपल्याकडे पुण्यतिथीला देतात तशीच. सुरुवातीला 'आई' असे संबोधन, मग ही प्रार्थना, शेवटी निरोपाचा एक शब्द. लेखकाचे नाव नाही. एएच्या एका सदस्याच्या नजरेस ती पडली, त्याने ती न्यूयॉर्कच्या कचेरीत आणली, आणि तिथल्या सचिव रूथ हॉक यांनी जून महिन्यातच छपाईच्या धंद्यातल्या एका सदस्याला पत्र घालून खिशात मावतील अशी कार्डे छापण्याचे विचारले. एएचे एक संस्थापक बिल विल्सन यांना इतक्या थोड्या शब्दांत आपली सगळी शिकवण सापडल्यासारखे वाटले. या जाहिरातीत, आणि तिच्यावरून कार्डांवर, तीन गोष्टी पालटलेल्या दिसतात. शांती पहिली आली. 'आम्हाला' जाऊन 'मला' आले. आणि 'बदलायलाच हवे' याच्या जागी 'मला बदलता येईल' आले. आई गेलेल्या माणसाने असे लिहिणे अगदी स्वाभाविक होते. मृत्यूपुढे बदलायलाच हवे असे काही उरत नाही.

याला बऱ्याच जणांनी ऱ्हास म्हटले आहे. सिफ्टनबाईंचाही रोख तोच होता. म्हणणे असे, की जे बदलायला हवे ते आपल्याने होवो न होवो, ते कर्तव्यच असते. 'बदलता येईल ते' म्हटले की माणूस आपली कुवत पाहून स्वतःला सूट देतो, आणि अन्यायाविरुद्धची प्रार्थना मनःशांतीचे औषध होते. सार्वजनिक जीवनापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मालकाच्या केबिनमध्ये ही प्रार्थना टांगलेली असली, तर कामगाराने तिचे जुने रूप वाचून दाखवावे.

पण घराचा न्याय वेगळा. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभारली आणि तिथेही हीच प्रार्थना घेतली. दारुड्याची बायको वर्षानुवर्षे काय करते? बाटल्या ओतून देते, शपथा घालते, कामावर खोटी कारणे कळवते, उधाऱ्या फेडते. नवऱ्याने बदलायलाच हवे, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नाही. त्याच वाक्यावर तिचे आयुष्य गेलेले असते. तिथे जुने रूप म्हणायला दिले तर ती आणखी एक शपथ घालायला निघेल. अल-अनॉन तिला सांगते, की व्यसन तू लावले नाहीस, ते तुझ्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे तुझ्या हातात नाही; स्वतःचे जगणे मात्र तुझ्या हातात आहे. इथे 'मला' आणि 'बदलता येईल' हे शब्द म्हणजे पळवाट नव्हे, तीच कामाची सुरुवात आहे. मारहाण होत असेल तर काय, असे कोणी विचारील. तिथेही नवऱ्याचा स्वभाव हाताबाहेरचा आणि घराबाहेर पडणे हाताशी, असा अर्थ ही प्रार्थना देते. मात्र तो अर्थ काढायला तिसरी मागणी लागते, आणि नुसत्या पहिल्या ओळीवर थांबून सोस म्हणून सांगणारे सासर-माहेर आणि धर्मगुरू तिचा गैरवापर करतात, हे कबूल करावे लागेल.

नीबूर १९७१ मध्ये वारले. या प्रार्थनेचा स्वामित्वहक्क त्यांनी कधी घेतला नाही. तरी मराठीत फ्रेम, कार्डे आणि पुस्तिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे: खाली संत फ्रान्सिसचे नाव घालू नका आणि 'अज्ञात'ही लिहू नका. रेनहोल्ड नीबूर लिहा, जागा असेल तर शेजारी विनिफ्रेड वायगल लिहा, आणि सार्वजनिक सभेसाठी छापत असाल तर धैर्य पहिले ठेवून 'आम्हाला' म्हणा.