शेखर मांडे : शेंगदाण्यातील प्रथिनापासून क्षयाच्या जंतूपर्यंत

बंगळूरु : प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेचे अभ्यासक डॉ. शेखर मांडे यांचा जन्म ५ एप्रिल १९६२ रोजी नागपूर येथे झाला. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर त्यांनी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एम. विजयन यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. विजयन हे ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या ज्या गटाने १९६९ मध्ये इन्सुलिनची रचना उलगडली, त्या गटात होते. भारतात परतल्यावर त्यांनी प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची परंपरा येथे रुजवली.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जीवशास्त्राकडे वळला, यात नवल नाही. प्रथिनाचा रेणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तो शुद्ध करून त्याचा स्फटिक वाढवावा लागतो, त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात आणि विखुरलेल्या किरणांच्या ठिपक्यांवरून प्रत्येक अणूचे स्थान गणिताने काढावे लागते. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, परंतु तरंगांची कला नोंदली जात नाही; ती अन्य मार्गाने मिळवावी लागते. अनेक प्रकल्पांची वर्षे याच टप्प्यावर खर्ची पडतात.

शेंगदाण्यातील लेक्टिन हे त्याचे बोलके उदाहरण. हे प्रथिन विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटते. काही कर्करोगपेशींच्या पृष्ठभागावर उघड्या पडणाऱ्या शर्करेलाही ते ओळखत असल्याने प्रयोगशाळांत त्याला महत्त्व आहे. विजयन यांच्या प्रयोगशाळेत मूळचे बेळगावचे दिनकर साळुंके व सहकाऱ्यांनी त्याच्या स्फटिकांचे प्राथमिक निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. संपूर्ण रचना प्रकाशित झाली ती १९९४ मध्ये. बारा वर्षांच्या या कामाच्या लेखकांत मांडे यांचे नाव आहे. निष्कर्षही अनपेक्षित होता. चार समान घटकांपासून बनलेल्या प्रथिनात जी सममिती अपेक्षित असते, ती येथे आढळली नाही.

पीएच.डी.नंतर मांडे नेदरलँड्समधील ग्रोनिंगन आणि पुढे अमेरिकेतील सिएटल येथे विम हॉल यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूतील शॅपरोनिन-१० या प्रथिनाची रचना निश्चित केली. ‘सायन्स’ नियतकालिकात १९९६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. शॅपरोनिने इतर प्रथिनांना योग्य घडी घालण्यास मदत करतात. घडी चुकली की प्रथिन निकामी होते, प्रसंगी त्याचे गोळे बनतात. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवता येत नाही. त्यामुळे त्याचे प्रथिन अन्य जिवाणूत तयार करून अभ्यासणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

भारतात परतल्यावर चंडीगढची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आणि २००१ पासून हैदराबादचे डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र येथे त्यांचे लक्ष क्षयाच्या जंतूवर केंद्रित झाले. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्याने या निवडीमागील कारण वेगळे सांगण्याची गरज नाही. ई. कोलाय या जिवाणूतील ग्रोईएल हे शॅपरोनिन प्रत्येकी सात घटकांच्या दोन कड्यांचे, म्हणजे एकूण चौदा घटकांचे असते. क्षयाच्या जंतूत अशी दोन प्रथिने आहेत. मात्र शुद्ध स्वरूपात ती चौदा घटकांची कडी न बनवता छोट्या समूहांत राहतात, असे मांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. त्याच वर्षी त्यांपैकी ६५ किलोडाल्टन प्रथिनाची स्फटिकरचनाही प्रसिद्ध झाली. कडी बनत नसेल तर जंतूत घडी घालण्याचे काम चालते कसे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. फॉस्फेट गट जोडला गेल्याने घटक एकत्र येण्यास चालना मिळते, असा पुरावा या गटाने २००९ मध्ये मांडला.

या कार्यासाठी त्यांना २००५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालक झाले. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०२२ या काळात त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालकपद सांभाळले. करोना साथीचा बहुतांश काळ याच कारकिर्दीत आला.

कुष्ठ आणि क्षयाच्या जंतूंतील उपरोक्त प्रथिनांचे अणुनिर्देशांक ‘प्रोटीन डेटा बँक’ या खुल्या जागतिक संग्रहात असून कोणत्याही संशोधकाला ते विनामूल्य पाहता येतात.