संपमतदान, विमान कर्मचाऱ्यांचे

विमान कंपनीशी चाललेल्या वाटाघाटी निष्फळ ठरल्यास संप पुकारण्याचा अधिकार संघटनेच्या नेतृत्वास द्यावा किंवा नाही, याविषयी केबिन कर्मचाऱ्यांनी (रूढ भाषेत हवाई सुंदरी व त्यांचे पुरुष सहकारी) गुप्त पद्धतीने दिलेला कौल म्हणजे संपमतदान होय. हा कौल म्हणजे संपाचा निर्णय नव्हे. तो निर्णय घेण्यासाठी सभासदांनी नेत्यांना दिलेले ते मुखत्यारपत्र असते. वृत्तपत्रांत या दोहोंची वारंवार गल्लत होते व मतांचा आकडा प्रसिद्ध होताच प्रवासी धास्तावतात. अमेरिकेत तरी असे मतदान होऊनही एकही उड्डाण न थांबता करार झाल्याची उदाहरणे प्रत्यक्ष संपांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. कौलाचा खरा उपयोग वाटाघाटींच्या मेजावरच होतो. तो केव्हा घ्यावा, कोणी घ्यावा व त्यातील चुकीला काय शिक्षा असावी, हे मात्र देशोदेशींच्या कायद्यांनी वेगवेगळे ठरविले असल्यामुळे एकाच कृतीला निरनिराळे अर्थ प्राप्त झाले आहेत.

गिरणी किंवा कारखाना यांतील कामगार एकाच दारातून आत-बाहेर करतात. मुंबईच्या गिरण्यांच्या द्वारसभांत हात वर करून संपाचा ठराव संमत होऊ शकत असे, तो याच कारणाने. केबिन कर्मचाऱ्यांना असे सामाईक दार नाही. कोणत्याही क्षणी त्यांच्यापैकी काही हवेत, काही परगावच्या हॉटेलात, तर काही घरी विश्रांती घेत असतात. एका उड्डाणात बरोबर काम केलेले सहकारी पुन्हा महिनोन्‌महिने भेटत नाहीत. त्यामुळे या व्यवसायात टपालाने, पुढे दूरध्वनीने व आता संगणकीय पद्धतीने घेतलेले मतदान हाच सर्वांचे मत एकत्र आणण्याचा व्यवहार्य मार्ग ठरला.

या व्यवसायात स्त्रियांचा प्रवेश १९३० मध्ये अमेरिकेत झाला. एलन चर्च या परिचारिकेच्या सूचनेवरून ‘बोइंग एअर ट्रान्सपोर्ट’ या कंपनीने आठ परिचारिकांना विमानावर नेमले. उमेदवार अविवाहित व तरुण असावी, वजन ठराविक मर्यादेत असावे, अशा अटी होत्या आणि विवाह होताच नोकरी संपत असे. १९४५ मध्ये ‘युनायटेड’ या कंपनीतील एडा ब्राउन यांनी पर्यवेक्षकाचे पद सोडून सहकारी स्त्रियांची पहिली संघटना उभारली व १९४६ मध्ये पहिला करार घडवून आणला. पुढे विवाह केल्यामुळे स्वतः ब्राउन यांनाच नोकरीस मुकावे लागले. त्यानंतर बराच काळ या संघटना वैमानिकांच्या संघटनेच्या छत्राखाली होत्या. १९७३ मध्ये ‘असोसिएशन ऑफ फ्लाइट अटेंडंट्स’ ही संघटना स्वतंत्र झाली, तर ‘अमेरिकन एअरलाइन्स’मधील कर्मचाऱ्यांनी १९७७ मध्ये स्वतःची वेगळी संघटना स्थापन केली. संपाचा कौल घेण्याचा व तो वापरण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने या स्त्रियांच्या हाती आला, तो या सुमारास.

अमेरिकेतील संपमतदान समजण्यासाठी तेथील रेल्वे कामगार कायदा (१९२६) पाहणे आवश्यक आहे. १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांनाही लागू करण्यात आला. रेल्वेसारखी दळणवळणाची साधने अचानक बंद पडू नयेत, हा त्याचा हेतू. या कायद्याखाली करारांची मुदत संपत नाही. ठरलेल्या तारखेनंतर ते केवळ दुरुस्तीस पात्र होतात व नवा करार होईपर्यंत जुनाच लागू राहतो. बोलणी अडल्यास राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ मध्यस्थी करते आणि ही मध्यस्थी किती काळ चालावी, यावर कायद्याचे बंधन नाही. बोलणी खुंटली असे मंडळाला वाटले, तर ते लवादाचा प्रस्ताव मांडते. कोणत्याही एका पक्षाने तो नाकारल्यास मंडळ दोघांना मोकळे करते. त्यानंतरही तीस दिवस थांबावे लागते आणि राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी मंडळ नेमल्यास तो काळ आणखी वाढतो. एवढे टप्पे ओलांडल्यावरच संप कायदेशीर ठरतो.

लक्षणीय गोष्ट अशी, की या दीर्घ प्रक्रियेत संपमतदानाचा उल्लेखच नाही. मतदान घ्यावे, असे कायदा सांगत नाही. ते संघटनेच्या घटनेतून येते. त्यामुळे संघटना ते सोयीच्या वेळी, बरेचदा मंडळाने मोकळे करण्याच्या कितीतरी आधी घेऊ शकते. अशा वेळी कौल जितका कंपनीला उद्देशून असतो, तितकाच मध्यस्थी मंडळालाही उद्देशून असतो : सभासद तयार आहेत, आता आम्हाला सोडा.

प्रत्यक्ष मतदानाची रीत साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. संघटनेचे कार्यकारी मंडळ ठराव करून मतदानाच्या तारखा जाहीर करते. वर्गणी चुकती असलेल्या सभासदांची यादी तयार होते. थकबाकीदारांना मुदतीपूर्वी रक्कम भरून पात्र होता येते. मतदान काही आठवडे खुले ठेवतात, कारण लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील आणि रजेवरील सभासदांनाही संधी मिळावी लागते. प्रत्येक तळावरील पदाधिकारी विमानतळावरच्या विश्रांतिकक्षात जाऊन वाटाघाटींची स्थिती समजावून सांगतात. पूर्वी मतपत्रिका घरच्या पत्त्यावर पाठवीत. हल्ली प्रत्येक सभासदाला गुप्त संकेतांक देऊन संगणकीय मतदान घेतात व मोजणीचे काम बहुधा त्रयस्थ संस्थेकडे सोपवितात. विरोधकांपैकी बरेच जण विरोधी मत देण्याऐवजी मतच देत नाहीत, म्हणून अनुकूल मतांचा आकडा बरेचदा शंभराच्या जवळ जातो. जाणता व्यवस्थापक त्यामुळे शेकडा किती अनुकूल, यापेक्षा शेकडा किती जणांनी मत दिले, हे आधी पाहतो.

कौल मिळाला म्हणजे संप यशस्वी होतोच असे नाही, हे १९८६ मध्ये दिसून आले. ‘ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स’ ही कंपनी कार्ल आयकान यांच्या ताब्यात गेल्यानंतर तिच्यातील सुमारे सहा हजार केबिन कर्मचाऱ्यांनी मार्च महिन्यात संप केला. कंपनीने नव्या माणसांची भरती केली व काही जुने कर्मचारी संप मोडून परतले. मे महिन्यात संघटनेने बिनशर्त माघार घेतली, तेव्हा फारच थोड्या जागा शिल्लक होत्या. संप मोडून आलेल्या कनिष्ठांना हटवून परतणाऱ्या ज्येष्ठांना त्यांच्या जागा देण्यास कंपनी बांधलेली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. ज्येष्ठतेवरच सर्व सवलती अवलंबून असलेल्या या व्यवसायाला तो मोठाच धक्का होता.

त्यातून दोन वेगळ्या पद्धती निघाल्या आणि दोन्ही १९९३ मध्येच वापरल्या गेल्या. ‘अलास्का एअरलाइन्स’मधील कर्मचाऱ्यांनी सरसकट संप न करता, पूर्वसूचना न देता मोजक्याच उड्डाणांवर काम थांबविले. कोणते उड्डाण अडेल याचा अंदाज न आल्याने प्रवाशांनी कंपनीकडे पाठ फिरविली, तर बहुतेक कर्मचाऱ्यांचे वेतन चालूच राहिले. अशा तुटक संपात भाग घेणाऱ्यांना शिक्षा करता येणार नाही, असे संघराज्याच्या न्यायालयाने ठरविले. तेव्हापासून संपाचा अधिकार मागताना ‘कोणत्याही स्वरूपाचा संप’ हे नेतृत्व सभासदांपुढे स्पष्टपणे ठेवू लागले. दुसरीकडे ‘अमेरिकन एअरलाइन्स’मधील सुमारे २१,००० कर्मचाऱ्यांच्या संघटनेने नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग सणाच्या गर्दीत अकरा दिवसांचा संप आधीच मुदत ठरवून पुकारला. मुदत ठरलेली असल्याने नव्या माणसांची भरती व प्रशिक्षण करण्यास कंपनीला सवडच उरली नाही. बहुसंख्य कर्मचारी संपात उतरले, कित्येक विमाने प्रवाशांविना उडाली आणि पाचव्या दिवशी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या मध्यस्थीने प्रश्न लवादाकडे गेला.

ब्रिटनमध्ये स्थिती याच्या उलट आहे. तेथे मतदान हा संघटनेच्या मर्जीचा भाग नसून कायद्याची अट आहे. १९८४ च्या कायद्याने संपापूर्वी गुप्त मतदान नसेल, तर संघटनेचे कायदेशीर संरक्षण काढून घेतले. १९९३ च्या कायद्याने ते टपालानेच घेण्याचे बंधन घातले. मोठ्या मतदानांवर स्वतंत्र निरीक्षक असतो आणि निकालाचा तपशील सभासदांना व मालकाला कळवावा लागतो. २०१६ च्या कायद्याने किमान निम्म्या मतदारांनी मत दिले पाहिजे, अशीही अट घातली. कामगारांचे मत खरोखर त्यांचेच असावे, हा या तरतुदींचा सांगितलेला हेतू. तथापि व्यवहारात नियमांची प्रत्येक गाठ मालकाच्या वकिलाला धरण्याजोगी ठरली.

‘ब्रिटिश एअरवेज’चे २००९-१० चे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. लांब पल्ल्याच्या विमानांवरील कर्मचारी कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध ‘युनाइट’ या संघटनेने मतदान घेतले. सुमारे ८० टक्के सभासदांनी मत दिले व त्यांपैकी ९२ टक्क्यांहून अधिक संपाच्या बाजूने होते. नाताळात बारा दिवसांचा संप जाहीर झाला. परंतु स्वेच्छानिवृत्ती घेऊन कंपनी सोडणाऱ्या काही शे सभासदांनाही मतपत्रिका गेल्या होत्या. त्यांची सर्व मते वगळूनही निकाल बदलला नसता. तरीसुद्धा १७ डिसेंबर २००९ रोजी न्यायमूर्ती लॉरा कॉक्स यांनी मनाई हुकूम दिला. संघटनेने पुन्हा मतदान घेतले. या वेळी पडलेल्या ९,२८२ मतांपैकी ७,४८२ अनुकूल, १,७८९ प्रतिकूल व ११ बाद होती. मार्चमध्ये संप झाला, पण मे महिन्यात कंपनी पुन्हा न्यायालयात गेली. त्या अकरा बाद मतांची माहिती सभासदांना योग्य रीतीने कळविली नाही, एवढ्यावरून दुसरा मनाई हुकूम निघाला. तीनच दिवसांत अपील न्यायालयाने तो दोनास एक अशा बहुमताने रद्द केला. नऊ हजारांहून अधिक लोकांची इच्छा अकरा बाद मतांवर अडावी, हे कायदा मतदाराच्या रक्षणासाठी आहे, या म्हणण्याशी जुळणारे नाही. हा तंटा अखेर २०११ मध्ये मिटला.

त्याच कंपनीतील १९९७ च्या संपाने मतदानाची दुसरी मर्यादा दाखविली. कौल संपाच्या बाजूने स्पष्ट होता. परंतु कंपनीने कारवाईचा कडक इशारा दिल्यानंतर जुलैतील संपाच्या दिवशी उघडपणे संपावर गेलेल्यांची संख्या तीनशेच्या आसपासच भरली, तर आजारी असल्याचे कळविणारे दोन हजारांवर होते. घरी बसून मतपत्रिकेवर फुली करणे व स्वतःचे नाव संपकऱ्यांत नोंदविणे यांतील अंतर किती असते, याचा तो प्रत्यय होय.

२०२० नंतरच्या महागाईत अमेरिकेत संपमतदानांची लाटच आली. ‘अमेरिकन’मध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये ९९.४७ टक्के, ‘अलास्का’मध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये ९९.४८ टक्के व ‘युनायटेड’मध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये ९९.९९ टक्के मते अनुकूल पडली. तिन्ही ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक सभासदांनी मत दिले. वेतनवाढीबरोबरच एक जुनी तक्रार येथे प्रमुख होती. केबिन कर्मचाऱ्यांचे वेतन विमानाचे दार बंद झाल्यापासून मोजण्याची प्रथा होती; प्रवाशांना आत घेण्याचे, सामान लावण्याचे कष्टाचे काम जवळजवळ फुकट होत असे. तिन्हींपैकी एकाही कंपनीत त्यानंतर संप झाला नाही. ‘अमेरिकन’मध्ये संघटनेने मध्यस्थी मंडळाकडे मुक्तता मागूनही ती मिळाली नाही, करार सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाला. ‘युनायटेड’च्या सभासदांनी मात्र नेत्यांनी आणलेला करारमसुदाच जुलै २०२५ मध्ये ७१ टक्के मतांनी फेटाळला. संपाचा अधिकार देणारा हात तो अपुऱ्या करारासाठी वापरू देत नाही, हे यातून नेत्यांनाही उमगले.

कॅनडाचा कायदा मधला आहे. संपापूर्वीच्या साठ दिवसांत गुप्त मतदान व ७२ तासांची सूचना आवश्यक असते आणि मताचा हक्क संघटनेच्या सभासदांपुरता न ठेवता त्या वर्गातील सर्व कर्मचाऱ्यांना दिलेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘एअर कॅनडा’च्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी ९९.७ टक्के मतांनी कौल दिला व १६ ऑगस्टला संप सुरू झाला. काही तासांतच मंत्र्यांनी कामगार संहितेच्या कलम १०७ खाली लवादाचा मार्ग धरला व कामावर परतण्याचा आदेश निघाला. संघटनेने तो उघडपणे मोडला. १९ ऑगस्टला प्राथमिक करार झाला. त्यातील वेतनाचा भाग सभासदांनी ९९.१ टक्के मतांनी नाकारला, परंतु त्यावरून पुन्हा संप करायचा नाही, असे आधीच ठरले असल्याने तो प्रश्न मध्यस्थी व लवाद यांच्याकडे गेला.

भारतात केबिन कर्मचाऱ्यांच्या संपापूर्वी मतदान कायद्याने कधीच आवश्यक नव्हते. औद्योगिक कलह अधिनियम, १९४७ याने विमान वाहतूक लोकोपयोगी सेवा मानून संपापूर्वी सूचना देण्याचे बंधन घातले होते. मताचा प्रश्न संघटनांवर सोडला होता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता अधिनियमात मात्र मान्यताप्राप्त संघाने सूचना देण्यापूर्वी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला नसेल, तर तो संप बेकायदेशीर ठरविला होता. ‘एअर इंडिया’चे मुख्यालय दीर्घकाळ मुंबईत असूनही या तरतुदीचा तिच्या कर्मचाऱ्यांशी संबंध आला नाही, कारण विमान कंपन्यांच्या औद्योगिक कलहांचा विषय केंद्र शासनाकडे होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही चौदा दिवसांच्या सूचनेची अट आहे, मतदानाची नाही. मात्र निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजा संपच समजली जाते. मे २०२४ मध्ये ‘एअर इंडिया एक्सप्रेस’मधील अनेक कर्मचारी एकाच वेळी आजारी असल्याचे कळवून गैरहजर राहिले व शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने काहींना कामावरून काढले. दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे झालेल्या बैठकीत त्यांना परत घेण्याचे ठरले व कर्मचारी कामावर रुजू झाले.