पिस्तूल नेमबाजी : नेम आणि नजर

मार्च २०२१ मध्ये नवी दिल्लीतील विश्वचषक स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची तिन्ही पदके भारताला मिळाली. भोपाळच्या चिंकी यादवने शूट-ऑफमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतला मागे टाकून सुवर्ण पटकावले. मनू भाकर तिसरी आली. पांढुर्णा-सौसरच्या मराठी वाचकाची त्या दिवशी पंचाईतच झाली असावी : एक खेळाडू राज्याची, दुसरी भाषेची.

या प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागच्या साइटची खाच, तिच्यात दिसणारी पुढची साइट आणि लक्ष्याचे काळे वर्तुळ, एवढ्यावरच नेम धरायचा असतो. डोळ्याला मात्र एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसते. नवशिक्या साहजिकच लक्ष्याकडे पाहतो आणि तिथेच फसतो. पाहायची असते ती पुढची साइट. लक्ष्य धूसर दिसले तरी चालते.

कारण साध्या गणिताचे आहे. दोन्ही साइटमधील अंतर २२ सेंटिमीटर धरले, तर पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकताच २५ मीटरवर गोळी अकरा सेंटिमीटरहून अधिक भरकटते. दहा गुणांचे वर्तुळ अवघे पाच सेंटिमीटर व्यासाचे असल्याने ती सहाच्या वर्तुळात जाते. उलट, साइट जुळलेल्या ठेवून हात तेवढाच बाजूला सरकला, तर चूकही तेवढीच, एक मिलिमीटरची. म्हणूनच बहुतेक नेमबाज काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नेम न धरता त्याच्या खाली, पांढऱ्या पट्टीवर धरतात. तिथे काळी साइट उठून दिसते.

चाळिशीनंतर हीच साइट पुसट होऊ लागते. वाचनाचा चष्मा इथे निरुपयोगी, कारण तो हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो; साइट त्याहून बरीच दूर, लांबवलेल्या हाताच्याही पुढे असते. डोळ्यापासून साइटपर्यंतचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञाला सांगावे. दूरच्या नंबरात अर्ध्या डायॉप्टरच्या आसपास भर घातल्याने बहुतेकांचे काम भागते. नंबराच्या काचेला नियमांची हरकत नाही.

दुसरा डोळा मिटू नये. चेहऱ्याचे स्नायू ताणले जाऊन नेम धरणारा डोळाही थकतो. त्यासाठी तीस मिलिमीटरपर्यंत रुंदीची झापड चष्म्याला लावता येते. फार वेळ रोखून पाहणेही घातकच. काही सेकंदांनंतर डोळ्यात जुनीच प्रतिमा रेंगाळते आणि साइट हलली तरी जुळलेली भासते. अशा वेळी जाणते नेमबाज चाप न ओढता हात खाली घेतात.