पिंजऱ्याआधीचा प्रश्न

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (एसजीएनपी) म्हणजे जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं रान. पश्चिमेला मालाड-बोरिवली, पूर्वेला भांडुप-मुलुंड. 2004 च्या जूनमध्ये या रानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं गेली, तेव्हा उत्तर सगळ्यांच्या ओठांवर होतं: पिंजरा लावा, धरा, लांब सोडा. या उत्तरामागचा प्रश्न तपासला गेला तो जुन्नरच्या उसाच्या मुलखात. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदी मांडल्या, तर 2001 मध्ये मोठी धरपकड सुरू होण्याआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, नंतर ते 17 झाले. शिवाय ‘लांब’ म्हणजे किती? 2009 मध्ये गळ्यात पट्टा बांधून माळशेजजवळ सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या चालत चालत थेट याच उद्यानाच्या हद्दीत आला.

म्हणून 2011 मध्ये, सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना, ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा जो उपक्रम सुरू झाला, त्याचं महत्त्व माझ्या मते माणसं एकत्र येण्यात कमी आणि प्रश्न बदलण्यात जास्त आहे. ‘बिबट्याचं काय करायचं’ याऐवजी ‘कडेला नेमकं काय घडतं’ असं विचारलं, की एकट्या प्राणिशास्त्राचं भागत नाही. बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. संशोधक निकित सुर्वे यांनी 2015 मध्ये असे ठिपके जुळवून 35 बिबटे मोजले. विष्ठेतले केस पाहिले, तर चितळ-सांबराबरोबर भटकी कुत्रीही निघाली. कुत्री म्हणजे कचरा, आणि कचरा म्हणजे महापालिका! पहाटे उघड्यावर बसणारं मूल बिबट्याला किती छोटं दिसतं, हा तर संडासाचा प्रश्न. आणि पाड्यांवरचे वारली वाघोबाला पुजत त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या कसे राहिले, हे विचारायला समाजशास्त्रच हवं.

अशा एकत्र कामातली अडचण मुख्यतः घड्याळांची. संशोधकाला एक हंगाम लागतो, बातमीदाराला संध्याकाळपर्यंत मजकूर हवा असतो, अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते आणि जमावाला तर आत्ताच पिंजरा हवा असतो. पण इथे यजमान खुद्द वनखातं होतं. ज्याच्यावर जबाबदारी, त्यानेच अभ्यासकांना बोलावलं, त्यामुळे निष्कर्ष कपाटात न पडता पोलिसांच्या गर्दी आवरण्यापर्यंत आणि पत्रकारांच्या कार्यशाळांपर्यंत पोचले.

यावर रास्त आक्षेप असा, की हल्ले कमी झाले ते या सहकार्यामुळेच, हे कशावरून? तसं दाखवता येत नाही, हे कबूल करायला हवं. पिंजरे, संडास, सावधपणा, सगळं गुंतलेलं आहे. अनेक शास्त्रांच्या कामात श्रेयाची वाटणी अशीच अवघड होते, आणि विद्यापीठांना नेमकी तीच हवी असते. पण पिंजऱ्याबद्दलचा जुन्नरचा हिशेब त्याने खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: 2021 मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत पुन्हा हल्ले झाले, 2022 मध्ये तिथे एक चिमुरडी गेली. तेव्हा पिंजरे लागलेच. फरक एवढा, की आत आलेला बिबट्या हल्ला करणाराच का, हे आता कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांशी ताडून पाहिलं जात होतं.