बाण, बूड आणि वाट : स्वीडिश भाषेतील ‘ट-वर्ग’

स्वीडिश भाषेत मुलाला जो शब्द आहे, त्याची अक्षरे ‘बार्न’ अशी. स्टॉकहोममधील उच्चार मात्र जवळजवळ ‘बाण’. मेजाला लिहितात ‘बोर्द’, म्हणतात ‘बूड’. ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दाच्या अंती तर स्पष्ट ‘ष्ट’ ऐकू येतो. जिभेचे टोक मागे वळवून उच्चारायचे हे मूर्धन्य ध्वनी युरोपात विरळाच. (इंग्रजीतील ‘टी’, ‘डी’ दंतमूलीय आहेत; मराठी कान त्यांना ट, ड समजतो, इतकेच.)

येथे मोह होतो तो प्राचीन नात्याचा. स्वीडनमधील हेल्गो बेटावर उत्खननात सहाव्या शतकाच्या सुमाराची, वायव्य भारतातील कांस्य बुद्धमूर्ती सापडली आहे. मग ध्वनीही तिकडूनच गेले नसतील का? नाही. मूर्ती हातोहात जाते, ध्वनी असा गाठोड्यात बांधून जात नाही. व्हायकिंगांच्या प्राचीन नॉर्समध्ये ट-वर्ग नव्हता. तिच्याच वंशातील आइसलँडिकमध्ये या शब्दांत तो आजही नाही.

कारण जिभेच्या टोकाशी आहे. ‘र’ म्हणताना टोक वर उचललेले असते. पाठोपाठ त, द किंवा न आला की तोही मागे ओढला जातो आणि ‘र’ त्यात विरून जातो. याचा पुरावा नकाशावरच दिसतो. दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतात आणि नॉर्वेतील बर्गन शहरात ‘र’ घशातून उच्चारतात. तेथे मूर्धन्य उच्चार घडलाच नाही.

हीच घडामोड प्राकृतांत दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेली. संस्कृत ‘वर्त्मन्’चे ‘वट्ट’ झाले, त्याची मराठीत ‘वाट’ झाली. ‘वर्ध’चे ‘वड्ढ’ आणि मग ‘वाढ’, ‘गर्दभ’चा ‘गाढव’, ‘सार्ध’चे ‘साडे’. सगळीकडे ‘र’ गेला आणि जाताना शेजाऱ्याला मूर्धन्य करून गेला. भारतातील सर्व ट-वर्ग एवढ्याने उलगडत नाही. तो ऋग्वेदातही आहे आणि द्राविड भाषांच्या त्यातील वाट्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

पूर्व नॉर्वेतील ‘जाड ल’ हा आणखी एक योगायोग. तो आपल्या ‘ळ’च्या अगदी जवळचा. सूर्याला तिकडच्या बोलींत ‘सूळ’सारखे काहीसे म्हणतात आणि शहरी शिष्टजनांनी हा उच्चार दीर्घकाळ गावंढळ ठरवला.

खरे नाते निराळ्या जागी सापडते. जर्मॅनिक भाषांतील व्यंजने ग्रीक-लॅटिनशी नियमाने जुळतात, हे १८१८ मध्ये मांडणारा डॅनिश पंडित रास्मुस रास्क १८२० मध्ये पारशांच्या अवेस्ता-पोथ्यांच्या शोधात मुंबईला आला होता. त्या नियमाला काही अपवाद उरले होते : संस्कृत ‘पितृ’ व ‘भ्रातृ’ दोहोंत ‘त’ आहे, मग जर्मनमध्ये एकात ‘ट’ आणि दुसऱ्यात ‘ड’ का? १८७० च्या दशकात कार्ल व्हेर्नर या दुसऱ्या डेन्मार्कवासीयाने ते कोडे सोडवले. वैदिक ‘पिता’मध्ये उदात्त स्वर अंती आहे, ‘भ्राता’मध्ये आरंभी. जर्मॅनिक भाषांतून तो जुना स्वराघात केव्हाच लोपला होता, पण व्यंजनांवर त्याची खूण उरली होती; ती वाचता आली वैदिक पाठातील स्वरांमुळे.