हाली, कलदार आणि उमरग्याचा बाजार

माझ्या आजोबांचें उमरग्यास कापडाचें एक लहानसें दुकान होतें. त्यांच्या जमाखर्चाच्या तीन-चार वह्या अजून आमच्या घरीं आहेत. शाळेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर मी त्या स्वस्थपणें चाळावयास घेतल्या, तेव्हां एक गोष्ट प्रथमच माझ्या लक्षांत आली. जवळजवळ प्रत्येक रकमेपुढें आजोबांनीं एक अक्षर घातलें आहे. कोठें ‘हा’, तर कोठें ‘क’. ‘हा’ म्हणजे हाली आणि ‘क’ म्हणजे कलदार. एकाच दुकानांत, एकाच पेटींत, दोन सरकारांचे दोन रुपये नांदत होते. आणि कोणता रुपया कोणत्या खणांत टाकावयाचा हें विसरणाऱ्या दुकानदाराला दिवाळीच्या हिशेबांत तोटा दिसल्यावांचून राहत नसे.

उमरगा हें आज धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. १९४८ पर्यंत तें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या सडकेवर, सोलापुरापासून सुमारें साठ मैलांवर तें वसलें आहे. इंग्रजी मुलुखाची हद्द त्याच सडकेवर पश्चिमेस अडतीसेक मैलांवर लागे. कचेरी, कोर्ट, सारा यांचा संबंध सगळा हैदराबादेशीं. आणि कापड, सूत, मीठ, रॉकेल, व्यापाऱ्यांची उधारी-उसनवारी यांचा संबंध सोलापुराशीं. हुकूम पूर्वेकडून यावयाचा आणि माल पश्चिमेकडून, अशी आमच्या गांवाची स्थिति होती.

मध्यंतरीं सात वर्षें हा मुलूखहि इंग्रजांकडे गेला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. निजामानें बाळगावयाच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ च्या तहानें वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा प्रांतहि इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १८६० सालीं धाराशिव आणि रायचूर त्यांनीं परत केले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतला. देण्यापायीं जमीन गहाण पडणें म्हणजे काय, हें आमच्या शेतकऱ्यांना कोणी निराळें समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हिंदुस्थानांतील बहुतेक संस्थानांनीं आपापलीं नाणीं बंद करून इंग्रजी रुपया पत्करला होता. हैदराबादनें तसें केलें नाहीं. तेथील रुपयाला ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू शिक्का, असें नांव होतें. मीर उस्मान अलीच्या कारकीर्दींत त्यालाच उस्मानिया सिक्का म्हणूं लागले. त्यावर चारमिनाराचें चित्र असे. १९१८ पासून संस्थानच्या स्वतःच्या नोटाहि निघाल्या. इंग्रजी रुपया यंत्रावर पाडलेला, म्हणून लोकांच्या तोंडीं तो ‘कलदार’. जुना कलदार वजनानें बरोबर एक तोळा, आणि त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी. हाली त्याहून किंचित् हलका, आणि त्यांत शंभरांत सुमारें ब्याऐंशी भाग चांदी. सात हाली रुपयांत जेवढी शुद्ध चांदी, जवळजवळ तेवढीच सहा कलदारांत भरे. त्यावरूनच विनिमयाचा सरकारी दर बसला होता: शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली.

हें त्रैराशिक मी वर्गांत पुष्कळ वर्षें मुलांना घातलें. आणे आणि पै म्हणजे काय, हें आधीं फळ्यावर लिहावें लागे. एकदा एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, मग सहाला सात असेंच कां म्हणत नाहींत?” तिचें म्हणणें बिनचूक होतें. पण सराफकट्ट्यावर हिशेब शेंकड्यावर चाले, आणि दहा आणे आठ पै यांच्या आसपासच सराफाचें पोट भरे.

हद्दीवर दुसरा हिशेब वाट पाहत असे. १८०२ सालीं इंग्रज कंपनी आणि निजाम यांच्यांत व्यापारी तह झाला, त्यांत शेंकडा पांच ही जकातीची मर्यादा ठरली. ती पुढें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ बहुतेक मालावर टिकली. आमच्याकडे या खात्याला करोडगिरी म्हणत. माल आंत येतांना जकात, आणि बाहेर जातांनाहि जकात. विलायती वस्तूंची तर दुहेरी झडती होई. हैदराबादला समुद्र नाहीं. तेव्हां मुंबईच्या बंदरांत इंग्रज सरकारची जकात भरून आलेला माल संस्थानच्या नाक्यावर पुन्हां पांच टक्के देऊनच पुढें सरके.

आजोबांच्या वहींतील एक नोंद घेऊन पाहूं. सोलापुरास त्यांनीं साठ कलदारांचें कापड घेतलें. तें हालींत झालें सत्तर. नाक्यावर जकात साडेतीन रुपये, एकूण साडेत्र्याहत्तर. त्यावर गाडीभाडें, आणि नाक्यावर रात्र पडली तर बैलांची वैरण. एवढें सगळें धोतराच्या पानांत आणि लुगड्याच्या पदरांत वांटून गिऱ्हाईकाकडून काढावयाचें. उलट बाजूनें शेतकऱ्याची तूर किंवा भुईमूग बाहेर जावयाचा तर त्याची जकात व्यापारी आपल्या खिशांतून देत नसे. तो खरेदीच्या भावांतच ती वजा करी. अशा रीतीनें एकच कुणबी विकतांनाहि जकात देई आणि कापड घेतांनाहि देई. नाका मात्र त्यानें जन्मांत पाहिलेला नसे. नांदेडच्या उस्मानशाही मिलसारख्या संस्थानांतील गिरण्यांना या पांच टक्क्यांचा थोडाफार आडोसा मिळत असेल. पण उमरग्याच्या बाजारांत माल सोलापूरचाच खपे.

आतां या दोन नाण्यांचा एक ऋतुधर्महि होता. दसऱ्यानंतर कापूस आणि गळिताचीं धान्यें बाजारांत आलीं कीं बाहेरचे खरेदीदार येत. शेतकऱ्याला हालींत पैसे द्यावे लागत, म्हणून त्यांना हाली हवी असे व तिचा भाव चढे. कलदार थोडा उतरे. उन्हाळ्यांत उलट. पूर्वीं हा चढउतार मोठा असे. नोटा निघाल्यावर सरकारनें तो पुष्कळ आटोक्यांत आणला, तरी शेंकड्यामागें कांहीं आण्यांचा फरक राही. आजोबा तेवढाहि सोडीत नसत. दसऱ्यापासून थोडे थोडे कलदार सांठवावयाचे आणि चैत्र-वैशाखांत लग्नसराईच्या खरेदीला सोलापुरास न्यावयाचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. १९४७ च्या मार्गशीर्षापर्यंत त्यांच्याजवळ असे तीनशें कलदार जमले होते, बहुतेक दहा-दहाच्या नोटांत. हें सारें मी इतक्या विस्तारानें सांगितलें, कारण पुढें जें झालें तें या काटकसरीमुळेंच झालें.

१५ ऑगस्ट १९४७ ला हिंदुस्थान स्वतंत्र झाला. निजामानें सामील होण्याचें नाकारलें. २९ नोव्हेंबर रोजीं दिल्ली आणि हैदराबाद यांच्यांत एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत हैदराबाद सरकारनें लागोपाठ दोन वटहुकूम काढले. एकानें संस्थानांतून हिंदुस्थानांत सोनें-चांदी नेण्यावर निर्बंध घातले. दुसऱ्यानें हिंदुस्थानचें चलन संस्थानांत कायदेशीर नाहीं असें ठरविलें. राज्य स्वतंत्र ठेवावयाचें तर नाणेंहि आपलेंच चालावयास हवें, हा त्यामागचा विचार उघड होता. आपल्या नाण्याचा अभिमान कोणत्याहि राज्यास असतो. पण ज्या राज्याचें मीठसुद्धां बाहेरून यावयाचें, त्यानें शेजाऱ्याचा रुपया नाकारावा, यांत माझ्या मतें हिशेबाची मोठी चूक होती.

आजोबा नोटा घेऊन गांवांतल्या एका सराफाकडे गेले. वर्षानुवर्षांचा घरोबा. तो म्हणाला, “अण्णा, पैसा तुमचा चांगलाच आहे, पण उद्यां कोणी तपासावयास आलें तर मी काय सांगूं? रुपयाला रुपया देतों. घ्यायचा तर घ्या.” रुपयाला रुपया म्हणजे सहास सात नव्हे, सहास सहाच. दुकानांत भरणा करणें भाग होतें. आजोबांनीं एकशें ऐंशी कलदार मोडले आणि एकशें ऐंशी हाली घेतली. आदल्या महिन्यांत त्यांचे दोनशें दहा आले असते. तीस रुपये बुडाले. राहिलेल्या बारा नोटा आजीनें पत्र्याच्या डबींत घालून ज्वारीच्या कणगींत तळाशीं पुरल्या. वहींत ती रक्कम कोठेंच नाहीं. डबी आजी सांगत असे म्हणून आम्हांस ठाऊक.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां मला या डबीची आठवण झाली. २०१६ सालीं निदान बँकेंत भरणा करावयास मुदत मिळाली. आजोबांचें बँकेंत खातें नव्हतें; त्यांना ठाऊक असलेली पेढी म्हणजे तोच सराफ.

या वटहुकुमांना दिल्लीनें करारभंग म्हणून हरकत घेतली. निजाम सरकारनें पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे हिंदी सरकारी रोखे कर्जाऊ देऊं केल्याचें उघडकीस आलें, तेव्हां कटुता अधिकच वाढली. १९४८ च्या पूर्वार्धांत हद्दीवरून माल येणें आंखडत गेलें. हैदराबाद याला आर्थिक नाकेबंदी म्हणे. दिल्लीला तो शब्द मान्य नव्हता. शब्द कोणताहि असो, घराघरांत पेट्रोल, रॉकेल, मीठ, औषधें यांची टंचाई जाणवूं लागली. त्या वैशाखांत आमच्या दुकानाची वही एका ठिकाणीं सलग अठरा दिवस कोरी आहे. लग्नाचे मुहूर्त होते, गिऱ्हाईकेंहि होतीं, कापड नव्हतें.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलिस कारवाई सुरू झाली. सोलापुराकडून निघालेलें हिंदी सैन्य सकाळीं नळदुर्गचा बोरी नदीवरील पूल हस्तगत करून जळकोटावरून पुढें सरकलें, आणि दुपारीं सव्वातीनच्या सुमारास त्याची आघाडी उमरग्यांत पोंचली. रझाकारांचा प्रतिकार फार टिकला नाहीं. माझे वडील तेव्हां तेरा वर्षांचे होते. माळवदावरून त्यांनीं रणगाडे पाहिले. चार दिवसांनीं, १७ तारखेस, हैदराबादनें शरणागति पत्करली. रझाकारांनीं त्याआधीं केलेले अत्याचार आणि त्यानंतर आमच्याच जिल्ह्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर गुदरलेले प्रसंग हा निराळा आणि दुःखाचा विषय आहे. पण तो गाळून त्या सप्टेंबरची गोष्ट सांगणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

कणगींतील डबी बाहेर निघाली. एकशें वीस कलदार पुन्हां एकशें चाळीस हालीच्या मोलाचे झाले.

हाली सिक्का मात्र एकदम गेला नाहीं. १९५० पासून दोन्ही रुपये सहास सात या दरानें शेजारीं शेजारीं चालले. १९५१ नंतर नवी हाली काढणें थांबलें. त्या संधिकालांतील पगारदारांची तक्रार मीं लहानपणीं पुष्कळ ऐकली आहे. सत्तर हाली मिळविणारा शिक्षक एका पहिल्या तारखेस साठ कलदार घेऊन घरीं आला. किंमत तीच, पण बायकोच्या हातीं दहा रुपये कमी पडले. त्यांत कित्येक दुकानदारांनीं आदल्या दिवशींचा हालीचा भाव तोच आंकडा ठेवून कलदारांत सांगितला. आमचे आजोबाहि त्यांपैकीं एक असावेत, असें मला वही वाचतांना दोन-तीन ठिकाणीं वाटलें. करोडगिरीचे नाके कांहीं वर्षांत क्रमाक्रमानें उठले. पण तें उत्पन्न सोडावयाचें तर दुसरें हवें. १९५० सालींच हैदराबादेंत विक्रीकराचा कायदा झाला होता. हद्दीवर भरावयाचा कर दुकानाच्या गादीवर येऊन बसला, आणि वहींत ‘हा’ व ‘क’ यांच्या जोडीला एक नवें खातें उघडावें लागलें. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हां तर आजोबांनीं लिहिणें वडिलांवर सोंपविलें.

तोंवर हद्दहि बदलली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद हे शेजारी म्हैसूर राज्यांत गेले. पूर्वीं पश्चिमेस असलेली सरहद्द उमरग्याच्या पूर्वेस आली. तपासणीनाक्यापाशीं मालमोटारींच्या रांगा मीं स्वतः पाहिल्या आहेत. १ जुलै २०१७ ला वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर त्या ओसरल्या. पेट्रोल-डिझेल त्या करांत घेतलेलें नाहीं, त्यामुळें हद्दीच्या कोणत्या बाजूस टांकी भरावी याचा हिशेब आमचे मालमोटारवाले अजून करितात.

१९५९ सालीं हाली सिक्का कायमचा बंद झाला. आजोबांच्या पेटींत त्या वेळीं नऊ जुने रुपये मागें राहिले होते. ते त्यांनीं त्याच सराफाकडे नेले. त्यानें ते मोजले नाहींत. तराजूंत घातले आणि चांदीचे पैसे दिले. वहींत ती रक्कम जमा आहे. तिच्यापुढें ‘हा’ नाहीं आणि ‘क’हि नाहीं.