एका ओळीने वाढवलेले गुण

दोन संगणकांपैकी अधिक वेगवान कोणता, हे कसे ठरवायचे? एखादा आकडेमोडीत पुढे असतो, तर दुसरा मजकूर हाताळण्यात. म्हणून दोघांना एकच काम द्यायचे आणि वेळ मोजायचा, असा मार्ग निघाला. अशा ठरावीक कामाला 'बेंचमार्क' म्हणतात.

१९७२ साली इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड कर्नो यांनी 'व्हेटस्टोन' ही चाचणी लिहिली. शास्त्रीय आज्ञावल्यांत कोणत्या क्रिया किती वेळा येतात, हे ब्रायन विकमन यांनी मोजले होते. त्याच प्रमाणात त्या क्रिया तिच्यात घातल्या होत्या. १९८४ मध्ये राइनहोल्ड वायकर यांची 'ड्रायस्टोन' आली. मात्र या चाचण्या छोट्या व मुद्दाम रचलेल्या होत्या. म्हणून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पेक' या संस्थेने पुढच्याच वर्षी दहा मोठ्या आज्ञावल्यांचा संच काढला. व्हॅक्स ११/७८० या यंत्राच्या किती पट वेग मिळाला, असे दहा आकडे काढायचे आणि त्यांचा भूमितीय मध्य घ्यायचा, म्हणजे गुणाकार करून दहावे मूळ काढायचे.

या दहांतील एक 'मॅट्रिक्स ३००'. तिच्यात ३०० ओळी व ३०० स्तंभ असलेल्या कोष्टकांचा गुणाकार होता. तिचा ९९ टक्के वेळ आज्ञावलीतील एकाच ओळीवर जाई! आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या कंपायलरांनी नेमकी तीच ओळ सुधारली. कोष्टकाचे लहान तुकडे पाडले, की ते प्रक्रियकाजवळच्या जलद स्मृतीत मावतात आणि मुख्य स्मृतीकडच्या खेपा वाचतात. आयबीएमच्या पॉवरस्टेशन ५५० वर या चाचणीचा आकडा सुमारे नऊपट झाला. यंत्र मात्र तेच होते.

आता आपण थोडे गणित करू. नऊ आकडे तसेच ठेवून दहावा नऊपट केला, तर मध्य ९ च्या दहाव्या मुळाइतका, म्हणजे सुमारे १.२५ पट होतो. एका ओळीमुळे एकूण गुणांत पंचवीस टक्के वाढ! पण ज्याच्या कामात असे गुणाकार नाहीत, त्या ग्राहकाच्या पदरात काय पडले?

ही लबाडी नव्हे. युक्ती खरी होती, उत्तरही बरोबर होते. तरी १९९२ च्या संचातून स्पेकने ही आज्ञावली वगळली, आणि पुढेही संच वेळोवेळी बदलले. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मिळालेले गुण आपण शिक्षक चांगले ओळखतो. वेगाचा आकडा पाहतानाही आपण हेच विचारावे: तो कोणत्या कामाचा आहे, आणि ते काम आपले आहे का?